मत नको, मजकूर आणा : आयईटीएफचं परीक्षण

राउटर आणि सेन्सरसारख्या छोट्या उपकरणांचं फर्मवेअर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. आरएफसी, म्हणजे उपकरणांनी इंटरनेटवर एकमेकांशी कसं बोलायचं ते लिहिलेला जाहीर दस्तऐवज, उघडायचा, त्यातलं वाक्य वाचायचं, कोड लिहायचा आणि दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाशी आपलं उपकरण नीट बोलतंय का ते पाहायचं. बोललं नाही की दोन्हीकडचे इंजिनिअर तेच वाक्य एकमेकांपुढे धरतात, आणि पुष्कळदा दोघंही बरोबर असतात. अशी वाक्यं लिहितं कोण आणि ती बदलायची तर कुणाला गाठायचं, हे शोधत मी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सपर्यंत, म्हणजे आयईटीएफपर्यंत पोचले. आता तिथे नेहमीचा वावर आहे. लोक हॉटेलांची आणि मोबाइलची परीक्षणं लिहितात, मग या प्रक्रियेचं का नको? तिचं उत्पादन तर तुम्ही हे वाचतानाही वापरताय.

आधी प्रवेशाचं सांगते, कारण सगळ्यांना तिथेच अडथळा असेल असं वाटतं. तो नाही. आयईटीएफला सदस्यत्वच नाही. जानेवारी १९८६ मधल्या पहिल्या बैठकीला २१ जण होते, सगळे सरकारी अनुदानावर काम करणारे संशोधक. आज कुणीही येऊ शकतं. ज्या विषयात रस आहे त्यावर काम करणाऱ्या गटाच्या, म्हणजे वर्किंग ग्रुपच्या, ई-मेल यादीत नाव घालायचं आणि वाचायला लागायचं. वर्षातून तीन मोठ्या बैठका होतात, पण बैठकीत ठरलेलं पुन्हा यादीवर पक्कं व्हावं लागतं. त्यामुळे विमानाचं तिकीट न काढता काम करणाऱ्याचा शब्द हलका पडत नाही. घरून बैठकीत बसायचं असेल तर शुल्कमाफी मिळते. दूरस्थ सहभागाचा फुकट पर्याय कायम असलाच पाहिजे, हे तत्त्व डिसेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९५०१ म्हणून लिहूनही ठेवलं आहे. या बाबतीत पैकीच्या पैकी गुण.

तिथे तुम्ही व्यक्ती म्हणून बोलता. कंपनीचं मत, कंपनीचं मतदान असलं काही नसतं. (पगार कोण देतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, तो भाग निराळा.)

एक गोष्ट मात्र आत शिरण्याआधी करा. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ‘नोट वेल’ नावाची पाटी पडद्यावर येते आणि लोक तेवढ्यात चहा आणायला उठतात. ती वाचा. तुम्ही तिथे काही मांडलंत, आणि त्यावर तुमचं किंवा तुमच्या कंपनीचं पेटंट आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते जाहीर करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. नियम आरएफसी ८१७९ मध्ये आहेत. तेव्हा आधी आपल्या कायदा विभागाशी बोला, आणि लवकर बोला. मी पूर्वी जिथे होते त्या कंपनीत परवानगीची फाइल इतकी सावकाश फिरली की मला ज्या मसुद्यावर, म्हणजे होऊ घातलेल्या आरएफसीवर, लिहायचं होतं त्याच्या अभिप्रायांसाठीची शेवटची हाक, म्हणजे ‘लास्ट कॉल’, होऊनही गेली होती. ही मुदत साधारण दोन आठवड्यांची असते. कायदा विभागाला दोन आठवडे म्हणजे काल सकाळ.

आता आतल्या कामाकडे. मसुद्याच्या नावावरूनच त्याची कुंडली कळते. एखाद्याने स्वतःच्या हिमतीवर लिहिलेला असेल तर नावात त्याचं आडनाव असतं. वर्किंग ग्रुपने दत्तक घेतला की आडनाव जाऊन तिथे ‘आयईटीएफ’ येतं. पहिली आवृत्ती शून्य-शून्य क्रमांकाची. सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही तर मसुदा कालबाह्य होतो. डेटाट्रॅकर या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्ती, दोन आवृत्त्यांमधला फरक, पेटंटच्या घोषणा असं सगळं उघडं असतं. मला या सबंध व्यवस्थेत सर्वांत आवडलेली वस्तू हीच. कोणतं वाक्य कधी आलं आणि कुणाच्या हरकतीमुळे बदललं, हे बाहेरचा माणूस बसल्या जागी शोधू शकतो.

पण नुसतं वाचून भागत नाही, आणि बहुतेक नवे लोक इथेच गळतात. ते मत घेऊन येतात. ‘हा भाग गुंतागुंतीचा वाटतो’, ‘सुरक्षेचा विचार कमी झाला आहे’, ‘माझा पाठिंबा आहे’. अशा पत्रांना कुणी वाईट बोलत नाही, नुसतं उत्तर येत नाही. तिथे जुन्या मंडळींचं ठरलेलं वाक्य आहे : ‘सेंड टेक्स्ट’, मजकूर पाठवा. अमुक विभाग, अमुक परिच्छेद, आत्ताचं वाक्य हे, त्याचे दोन अर्थ असे निघतात, आणि त्याजागी माझं वाक्य हे. एवढं लिहिलंत की तुम्ही नवे की जुने हे कुणी विचारत नाही.

माझंच उदाहरण देते. एका मसुद्यात होतं की उत्तर आलं नाही तर उपकरणाने विनंती पुन्हा पाठवावी. किती वेळ थांबून, ते नव्हतं. टेबलावर दोन उपकरणं असताना यात काही बिघडत नाही. पण वीज जाऊन आली की इमारतीतली सगळी उपकरणं एकाच क्षणी जागी होतात, एकाच क्षणी विनंती पाठवतात, सर्व्हर गुदमरतो, उत्तर येत नाही, आणि मग सगळी पुन्हा एकाच क्षणी पाठवतात. मी सुचवलेलं वाक्य साधं होतं : थांबण्याचा काळ दर खेपेला दुप्पट करावा आणि त्यात यादृच्छिक भर घालावी. मसुद्याच्या लेखकाने एका ओळीत विचारलं, कमाल मर्यादा किती? माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या नोंदी होत्या, त्या मी यादीवर टाकल्या. तिसऱ्याच एका गृहस्थांनी हरकत घेतली की बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांना इतक्या वेळा जागं राहणं परवडणार नाही. त्यांचं खरं होतं. त्यातून जे वाक्य तयार झालं ते माझं नव्हतं, त्यांचंही नव्हतं, आणि दोघांच्या वाक्यांपेक्षा चांगलं होतं. माझं नाव आभाराच्या विभागात गेलं. लेखकांच्या यादीत नाव यावं म्हणून येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं : बहुतेकांचं काम आभाराच्या विभागातच मावतं.

मतदान नाही म्हटल्यावर निर्णय होतो कसा? इंटरनेटच्या जुन्या शिल्पकारांपैकी एक, डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ साली मांडलेलं सूत्र अजून चालतं : राजे नकोत, राष्ट्राध्यक्ष नकोत, मतदान नको, आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालत्या कोडवर. खोलीतला कल पाहायला लोकांना तोंड मिटून गुणगुणायला सांगतात. आवाज कुठल्या बाजूचा मोठा ते वर्किंग ग्रुपचे अध्यक्ष ऐकतात. दूरस्थ लोकांसाठी आता पडद्यावर हात वर करण्याची सोय असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. २०१४ चा आरएफसी ७२८२ वाचला की त्यामागचा विचार कळतो. त्यात चक्क असं मांडलं आहे की शंभर जण बाजूने आणि पाच जण विरोधात असूनही सहमती नसू शकते, आणि पाच बाजूने, शंभर विरोधात असूनही असू शकते. प्रश्न डोकी किती हा नाहीच, तांत्रिक हरकतीला उत्तर मिळालं की नाही हा आहे. हरकत मान्य झालीच पाहिजे असं नाही, पण तिचा निकाल लागला पाहिजे. कंपनीतले वीस सहकारी आणून ‘आमचाही पाठिंबा’ लिहायला लावणं इथे उपयोगाचं नाही. माझ्या मते हेच या जागेचं खरं बळ आहे. अध्यक्ष कच्चा असेल तर मात्र याच पद्धतीत ज्याची चिकाटी जास्त त्याचं चालू शकतं.

चालत्या कोडचं महत्त्व कळायला टीएलएस १.३ चा, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातली जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या मानकाचा, इतिहास पुरे. ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून ते प्रसिद्ध झालं, त्याआधी २८ मसुदे झाले. कागदावर ते आधीच सुबक होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी खऱ्या इंटरनेटवर चालवून पाहिलं तेव्हा दिसलं की वाटेतली काही जुनी उपकरणं नवा आवृत्ती-क्रमांक पाहिला की जोडणीच तोडतात. ती उपकरणं बदलणं कुणाच्या हातात नव्हतं. शेवटी १.३ च्या पहिल्या संदेशात आवृत्तीच्या जुन्या रकान्यात १.२ चाच क्रमांक लिहायचं ठरलं, आणि खरी आवृत्ती वेगळ्या विस्तारात, म्हणजे संदेशाला जोडलेल्या जादा भागात, गेली. हे बैठकीच्या खोलीत बसून कुणाला सुचलं नसतं. तुम्ही मसुद्यानुसार कोड लिहिलात, दुसऱ्याच्या कोडशी जोडून पाहिलात आणि काय मोडलं ते कळवलंत, तर तेही मानक घडवणंच आहे. बैठकीआधीच्या शनिवार-रविवारी यासाठी हॅकाथॉन असते. भाषणं देण्यात ज्यांना रस नाही त्यांनी थेट तिथे जावं.

उणिवाही आहेतच. वेळ अफाट लागतो. मोठ्या कंपन्यांकडे फक्त हेच काम करणारी माणसं असतात. आपण कामाचे तास संपल्यावर त्यांच्याशी वाद घालायचा. सगळा व्यवहार इंग्रजीत, आणि इंग्रजीत झपाट्याने लिहिणाऱ्याला फायदा मिळतोच. बैठका खंडाखंडांत फिरतात, म्हणून झोपमोड सगळ्यांच्या वाट्याला आळीपाळीने येते. शिवाय मानक झालं म्हणजे जग लगेच वापरेल असं नाही. इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत आणणाऱ्या आयपीव्ही६ चा पहिला आरएफसी डिसेंबर १९९५ चा, पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला जुलै २०१७ मध्ये, आणि जुनं आयपीव्ही४ अजून आहेच.

पदांची निवड करणारी समिती मात्र मला भारी आवडते. तिचे दहा मतदार सदस्य इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात. त्याचं अल्गोरिदम आरएफसी ३७९७ मध्ये छापलेलं आहे, आणि त्याला लागणारं यादृच्छिक बीज, म्हणजे सुरुवातीचे आकडे, सार्वजनिक लॉटरीच्या निकालांसारख्या स्रोतांतून घेतात. निकाल कुणीही घरी बसून ताडून पाहावा. इंजिनिअरांना निवडणूक दिली तर ते असंच काहीतरी करणार.

तुमचा विषय इंटरनेटचा नसेल तर दारं वेगळी आहेत. इथरनेट आणि वाय-फाय आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८०२ समितीत घडतात. तिथे बैठकांना ठरावीक हजेरी लावली की मताचा हक्क मिळतो, आणि मसुदा पुढे जायला मतपत्रिकेत ७५ टक्के होकार लागतो. वेबची मानकं घडवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीत संस्था सदस्य असतात, पण कम्युनिटी ग्रुप सगळ्यांना खुले आहेत, आणि वेबच्या सामायिक चाचण्या लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांचं गणित मुळातच निराळं. तिथे देश सदस्य असतात, म्हणून रस्ता आपल्या देशाच्या मानक संस्थेच्या समितीतून जातो. संस्थेला लिहायचं, संबंधित समिती कोणती ते विचारायचं, आपला अनुभव कळवायचा. समितीत जागा नसली तरी मसुदा चौकशीच्या टप्प्यावर, म्हणजे डीआयएसला, आला की बऱ्याच देशांत तो अभिप्रायासाठी खुला करतात. या टप्प्यावरचं मतदान १२ आठवडे चालतं. मंजुरीला सहभागी सदस्यांच्या मतांपैकी दोन तृतीयांश होकार लागतो, आणि एकूण मतांत नकार एक चतुर्थांशाहून जास्त चालत नाहीत. अभिप्राय ठरलेल्या तक्त्यातच द्यायचा : कलम, परिच्छेद, अभिप्राय सर्वसाधारण की तांत्रिक की भाषिक, काय चुकतंय, आणि शेजारच्या रकान्यात प्रस्तावित बदल. तो शेवटचा रकाना रिकामा सोडलात तर तुमची ओळ ‘नोंद घेतली’ या शेऱ्यावर संपण्याची शक्यता दाट. संस्था वेगळी, शिस्त तीच. एक तक्रार मात्र आहे : आरएफसी कुणालाही फुकट वाचता येतात, आयएसओची बहुतेक मानकं विकत घ्यावी लागतात. ज्याने मानक पाहिलेलंच नाही तो ते सुधारणार कसं?

गुणांकन विचाराल तर आयईटीएफला पाचांपैकी चार. एक गुण वेळेसाठी कापला. ज्यांच्या हातून रोज कोणत्यातरी प्रोटोकॉलचा कोड जातो त्यांना मी बिनधास्त शिफारस करेन. नोकरीच्या अर्जात ओळ हवी म्हणून येणाऱ्यांनी दुसरं काही शोधावं.

पहिलं पाऊल म्हणून नवा मसुदा लिहायला घेऊ नका. तुम्ही ज्यावरून कोड लिहिता त्या आरएफसीचं एराटा पान उघडा. प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा आशय बदलत नाही, म्हणून त्यातल्या चुका तिथे वेगळ्या नोंदतात, आणि नोंद कुणीही करू शकतं. तुम्हाला अडलेलं वाक्य, त्याजागी हवं असलेलं वाक्य आणि कारण, एवढं भरायचं. नोंद पडताळली जाते, नाकारली जाते, किंवा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवली जाते. तिसरा शेरा मिळाला तर हिरमुसू नका. तो आरएफसी नव्याने लिहायला जे बसतात त्यांना ती यादी विचारात घ्यावी लागते.