'रॅबिड डॉग्ज'ची ब्लू-रे: घ्या, पण आधी प्लेयर बघा आणि दुसरं व्हर्जन लावू नका

आधी कामाचं सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. 'रॅबिड डॉग्ज' ह्या इटालियन पिक्चरची ही डिस्क इंग्लंडची, रीजन बी, म्हणजे ब्लू-रेसाठी जगाचे भाग पाडलेत त्यातल्या बी भागातल्या प्लेयरवरच चालणारी, आणि आपला भारत येतो रीजन सी मध्ये. मला माहीत नव्हतं असं नाही, पण म्हटलं चालेल की, काय होतंय, तर नाही चालली. कुरियर धरून साडेतीन हजार घालवले आणि विश्रामबागेत घरी भडंगचा डबा मांडीवर घेऊन नुसता टीव्हीवरचा एरर बघत बसलो. शेवटी मिरजेच्या मित्राकडं सगळ्या रीजनचा प्लेयर होता तो स्कूटीवर मांडून आणला, तेव्हा कुठं पिक्चर सुरू झाला.

मूळ नाव कानी अर्राब्बियाती, म्हणजे पिसाळलेली कुत्री. डायरेक्टर मारिओ बावा. आता बावा म्हटलं की जाणकार लोकांना भुताचे पिक्चर आठवणार, धुकं, लाल-हिरवे लाइट, पडके महाल. माणूस मूळचा कॅमेरामन, बापापासनं तोच धंदा, काचेवर चित्र रंगवून कॅमेऱ्यापुढं धरायचं आणि स्वस्तात राजवाडा उभा करायचा असली डोकी. आणि १९७४ ला साठाव्या वर्षी ह्या माणसानं ते सगळं सोडून दिलं आणि गाडीत पाच मोठी माणसं आणि एक झोपलेलं पोरगं कोंबून भर ऑगस्टच्या उन्हात पिक्चर काढला. ना भूत ना धुकं, नुसता घाम.

स्टोरी एवढीच सांगतो. चौघं एका औषध कंपनीच्या पगाराचे पैसे लुटतात, एक जागेवरच मरतो, उरलेले तिघं पळता पळता एका बाईला ओलीस धरतात आणि सिग्नलला थांबलेल्या एका गाडीत घुसतात. गाडीवाला म्हणतोय पोरगं आजारी आहे, दवाखान्यात न्यायचंय, सोडा. हे कशाला सोडतात. तिथनं पुढं जवळजवळ सगळा पिक्चर त्या गाडीत.

माझ्यासोबत बघायला आमचे दाजी होते, तासगाव लाइनला पंधरा वर्षं वडाप चालवलेला माणूस. पहिल्या वीस मिनिटांत त्यांचं म्हणणं काय, "ह्यात अजून चार बसतील." पण खरं सांगतो, वडापात मे महिन्यात दुपारी गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर शेजारच्याच्या घामाचा जो वास येतो ना, तो ह्या पिक्चरला येतो. कॅमेरा माणसांच्या इतका जवळ आहे की आपणच डोकं मागं घेतो. ज्यांना पिक्चर कसा शूट करतात त्यात इंटरेस्ट आहे त्यांनी फक्त एवढ्यासाठी बघावा, एका गाडीत दीड तास कंटाळा न येऊ देणं म्हणजे गंमत नाही.

कामं सगळ्यांची कडक. गाडीवाला म्हणजे रिक्कार्डो कुच्चोल्ला, ह्याला १९७१ ला फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट ॲक्टर मिळालेलं. ह्या रोलला आधी 'गॉडफादर'मधला सोलोझ्झो, आल लेत्तिएरी, घेतला होता, तो टिकला नाही आणि हा आला, बरंच झालं, कारण इथं असाच सरकारी हपिसात सही करून घरी जाणारा वाटावा असा चेहरा पाहिजे होता. बिस्तुरी नावाचा गुंड झालाय तो डॉन बॅकी, इटलीचा गाजलेला गायक, आणि हसतो तेव्हा अंगावर काटा येतो. डबिंग नंतरचं आहे, ओठ आणि आवाज कुठं कुठं जुळत नाहीत, चालायचंच.

आणि तो काळच तसला होता. जुलै १९७३ ला रोममधनं गेट्टी ह्या अमेरिकन तेलवाल्या अब्जाधीशाच्या नातवाला उचललं, कान कापून पेपरच्या हपिसात पाठवला आणि डिसेंबरात पैसे घेऊन सोडला. तिथं अपहरण हा रीतसर धंदाच झाला होता, इतका की पुढं १९९१ ला कायदा करून ज्यांचं माणूस पळवलंय त्यांचीच मालमत्ता गोठवायला लागले, म्हणजे खंडणी देताच येऊ नये. हे डोक्यात ठेवून बघा, शेवट आणखी लागतो. जास्त बोलत नाही.

पण पिक्चरपेक्षा पिक्चरची गोष्ट भारी आहे. काम होत आलं आणि निर्मात्याचं दिवाळं निघालं, कोर्टानं सगळं जप्त केलं, रीळं पडून. आपल्याकडं बांधाची केस कशी आज्याकडनं नातवाकडं येते, तसलंच. बावा एप्रिल १९८० ला गेला, आपला पिक्चर थेटरात लागलेला न बघताच. शेवटी ओलीस धरलेल्या बाईचं काम करणारी लेआ लँडर, तिनंच नव्वदच्या दशकात खटपट करून तो सोडवला, १९९८ ला डीव्हीडी आली आणि मग लोक म्हणायला लागले की अरे हा तर बावाचा सगळ्यात चांगल्यातला. चोवीस वर्षांनी! फ्रान्सवाल्यांनी २०१५ ला रिमेक पण केला.

आता दुसरं व्हर्जन. डिस्कवर 'किडनॅप्ड' नावाचं एक आणखी आहे, बावाच्या पोरानं, लांबेर्तोनं, आणि दुसऱ्या एका निर्मात्यानं, अल्फ्रेड लिओननं, मिळून नंतर तयार केलेलं. पोलिसांचे वगैरे नवे सीन घातलेत, म्युझिक पण बदललंय. पोरानं बापाचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला घेतलं, भावना समजते, पण त्या पोलिसांमुळं आपण गाडीतनं बाहेर येतो ओ, मोकळी हवा लागते, आणि ह्या पिक्चरला तीच लागू द्यायची नाही. त्यात नाव सुद्धा नको तेवढं सांगतं. डिस्कच्या पाठीवरचा मजकूर पण वाचू नका.

घरच्यांबरोबर लावू नका. बाईला रस्त्याकडंला खाली उतरवून जे हाल करतात तो सीन लई वंगाळ आहे, मी रिमोटकडं हात नेला होता.

दाजी मात्र मधेच एकदा बोलले होते, "ड्रायव्हर लई शांत हाय रे, माझ्या गाडीत अशी माणसं बसली असती तर माझा पाय क्लचवर थरथरला असता." तेव्हा मी गप्प बसा म्हटलं. पिक्चर संपल्यावर दाजी दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले पहिल्यापास्नं लाव. दुसऱ्यांदा पूर्ण वेळ फक्त त्या ड्रायव्हरच्या हाताकडं बघत होते.

डिस्क आता त्यांच्याकडंच आहे, प्लेयर पण. मिरजेचा मित्र तीन दिवस झाले फोन करतोय.