पूलमधले पाण्याखालचे दिवे: होळी ते दिवाळी वापरल्यावर

आमचं शेत वरूडकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. घरामागच्या पडीक तुकड्यावर मागच्या हिवाळ्यात 24 बाय 12 फुटांचा, साडेचार फूट खोल स्विमिंग पूल बांधला. गावात त्याला सगळे टाकंच म्हणतात. होळीला पाणी भरलं. त्यात 18 वॅटचे दोन रंगीत एलईडी दिवे आहेत, रेझिन भरलेले, रिमोटवाले.

आबांचा पहिला प्रश्न, "पाण्यात करंट उतरला तं काय करशीन?" गावातला वायरमन थेट 230 व्होल्टचे दिवे स्वस्तात बसवून देत होता. "काई होत नाई भाऊ, सील पॅक आहे." मी आबांचं ऐकलं आणि 12 व्होल्टचे घेतले. पॉवर सप्लाय पंपाच्या खोलीत, इनपुट-आउटपुट आतून वेगळं असलेला; त्याच्या आधी 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. इथे पैसे वाचवू नका.

पण 12 व्होल्टची एक गंमत आहे, ती दुकानदाराने सांगितली नाही. पंपाची खोली बोअरजवळ, पूलपासून 30 मीटर. दोन दिवे मिळून 36 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 3 अँपिअर. घरात उरलेली दीड एमएमची वायर टाकली. जाऊन-येऊन 60 मीटर तांब्यात दोन व्होल्टच्या वर गळाले आणि पांढरा रंग लावला की दिवे तांबूस दिसायचे. मी दिवे खराब म्हणून भांडायला निघालो होतो. झालं होतं असं की, निळ्या-हिरव्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, तेच आधी मंदावतात. चार एमएमची वायर टाकल्यावर रंग ताळ्यावर आला.

मे महिन्यात पाणी कमी व्हायला लागलं. आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, आम्ही म्हटलं ऊन पितंय. रोज पाइप लावून भरत होतो. शेवटी पूलच्या पायरीवर त्याच पाण्याची बादली भरून ठेवली, आत-बाहेर पातळीच्या खुणा केल्या, चोवीस तास हात लावला नाही. बादलीत दोन सूत, म्हणजे पाव इंच उतरलं, पूलमध्ये सव्वा इंच. फरक एक इंचाचा. आमच्या पूलमध्ये एक इंच म्हणजे 680 लिटर! आबा म्हणाले, "तुह्या लाइटीनं रोज चार-पाच झाडाचं पाणी पेलं." त्यांनी ते चिडून म्हटलं होतं, पण दोष खरंच तिथेच निघाला. भरणं बंद केलं आणि वाट पाहिली. पंधरा दिवसांनी पाणी बरोबर दिव्याच्या पातळीला, दीड फूट खाली, येऊन थांबलं. मागचा वायरचा पाइप ठेकेदाराने सीलच केला नव्हता, पाणी त्यातून मुरत होतं. पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी भरली, थांबलं. त्या पंधरा दिवसांत दिवे बंद ठेवले. हे दिवे पाण्यानेच थंड राहतात, कोरडे जाळू नयेत.

दिशेची चूक मात्र दुरुस्त होण्यासारखी नाही. दिवे घराकडच्या भिंतीत, म्हणजे घराकडे पाठ करून हवे होते. आमचे समोरच्या भिंतीत बसले, उजेड थेट ओसरीत डोळ्यांवर येतो. आता आम्हीच खुर्च्या फिरवून बसतो.

रंगांचं कौतुक पाहुण्यांना. लाइन गेली आणि आली की एक दिवा निळा, दुसरा हिरवा. पुन्हा बंद-चालू करून जुळवायचे. आणि लाइन आमच्याकडे किती वेळा जाते ते काय सांगू! रंगाचा खरा उपयोग पावसाळ्यात कळला. पांढऱ्या उजेडावर पहिल्या पावसानंतर इतकी पाखरं आली की सकाळी गाळणीची टोपली गच्च. पिवळ्यावर ठेवल्यापासून पुष्कळच कमी येतात. नव्याने घेतले असते तर सरळ साधे पिवळसर पांढरे घेतले असते.

बोअरचं पाणी जड. दोन महिन्यांत काचेवर क्षाराची पांढरी साय धरते. लिंबूसत्वाचं पाणी आणि जुनं फडकं पुरतं, तारेची घासणी लावू नये. मी शहाणपणा करून ठिबकच्या नळ्या धुवायचं अ‍ॅसिड लावलं होतं. काच स्वच्छ निघाली, स्टीलच्या रिंगवर मात्र बारीक काळे खड्डे पडले.

वायर बसवताना दिवा काठावर येईल एवढा वेटोळा मागे ठेवायला सांगा. एका दिव्याला तो आहे, स्क्रू काढून दिवा वर आणून पुसतो. दुसऱ्याची वायर ठेकेदाराने आखूड कापली, त्याला पुसायला पाण्यात उतरावं लागतं. सध्या सकाळी पाण्यात पाय घालवत नाही, त्यामुळे तो आता फाल्गुनापर्यंत मळकाच जळणार.