जुन्या लॉन ट्रॅक्टरचा कटिंग डेक : इथेच दुरुस्त करावा की नवा मागवावा?

बडोद्यातील एखाद्या संस्थेच्या मैदानावर किंवा शहराबाहेरच्या फार्महाउसवर बसून चालवायचे गवतकापणी यंत्र, म्हणजेच लॉन ट्रॅक्टर, बरीच वर्षे वापरात असले, की इंजिन धडधाकट असूनही त्याच्या पोटाखालचा, पाती ज्याच्या आत फिरतात तो कटिंग डेक थकलेला दिसतो. गवत जोमाने वाढते ते जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत, म्हणजे यंत्र सर्वाधिक चालते तेव्हाच गवत ओले असते. काळ्या मातीत कालवलेला गवताचा लगदा डेकच्या आतून चिकटतो आणि ओल धरून ठेवतो. असा डेक स्थानिक कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावा की मूळ कंपनीचा नवा मागवावा, हे ठरवताना पत्र्याचा सांगाडा, पाती फिरवणारे स्पिंडल आणि बेल्ट यांचा विचार वेगवेगळा करावा, कारण तिघांची उत्तरे वेगळी येतात.

स्पिंडलच्या बाबतीत स्थानिक दुरुस्ती सरळ सरस ठरते. घरगुती यंत्रांच्या स्पिंडलमध्ये बहुधा ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ यांसारखी सर्वसाधारण मापाची बेअरिंग असतात आणि ज्या शहराच्या माणेजा भागात बेअरिंगचाच मोठा कारखाना आहे, तिथे ती परदेशातून येण्याची वाट पाहणे विचित्रच म्हणावे लागेल. मात्र जुने बेअरिंग दुकानात सोबत न्यावे. ६२०३ चे नेहमीचे माप आतून १७, बाहेरून ४० आणि जाडीला १२ मिलीमीटर असते, पण काही अमेरिकी यंत्रांत बाहेरचे माप तेच असून आतले छिद्र ५/८ इंचाचे, म्हणजे १६ मिलीमीटरला किंचित कमी असते. नंबर सारखा वाटला म्हणून घेतलेले बेअरिंग मग शाफ्टवर खुळखुळते. हाउसिंगमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या बाहेरच्या कवचात, बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यावा, आतल्या कड्यावर नव्हे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : हाउसिंगवर ग्रीसचे निपल असले, तरी आत दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंग बसवले असेल तर भरलेले ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही. शाफ्टचे टोक साधे असेल तर झिजलेला शाफ्ट लेथवर काम करणारा टर्नर नवा करून देतो. ते तारकाकृती असेल तर तयार स्पिंडल घेणेच शहाणपणाचे.

खरा पेच सांगाड्याचा आहे. साच्यात दाबून घडवलेल्या घरगुती डेकचा पत्रा नवा असतानाच सुमारे २ ते ३ मिलीमीटर जाडीचा असतो, त्यामुळे गंज कोठे लागला आहे यावर सारा निर्णय अवलंबून राहतो. डेक उतरवून, लगदा खरवडून, तारेच्या ब्रशने घासून पत्रा हातोडीने ठोकून पाहावा. गंज केवळ खालच्या कडेला किंवा गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडाशी असेल, तर कुजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तेथे नवे ठिगळ वेल्ड करणे पुरते आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील कोणताही बरा फॅब्रिकेटर ते करू शकतो. वेल्डिंग डेक यंत्रापासून सोडवूनच करावे, आणि शक्यतो मिग पद्धतीने (वायूच्या आवरणात सतत पुढे सरकणाऱ्या तारेने), कारण साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा सहज जळून भोक पडते. ठिगळ रिव्हेटने ठोकून भागवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ९० मीटरपर्यंत जाऊ शकतो. तिथे सुटलेला पत्र्याचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर पडतो.

उलट, स्पिंडल ज्या जागी बोल्टने आवळलेला असतो तिथलाच पत्रा वाकत किंवा चिरत असेल, तर पारडे नव्या सांगाड्याकडे झुकते. ही जागा वरूनही कुजते, कारण बेल्टच्या झाकणाखाली साचलेला गवताचा भुसा पाणी सोडत नाही. तेथे जाड प्लेट वेल्ड करता येते, परंतु उष्णतेने पत्रा ओढला गेला की स्पिंडल एकमेकांना समांतर राहत नाहीत, मग दोन पात्यांच्या मध्ये न कापलेल्या गवताची पट्टी राहते किंवा पाती डेकलाच घासतात. जिगमध्ये, म्हणजे भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यात, पकडून असे काम करणारा फॅब्रिकेटर माहितीचा नसेल, तर मी नव्या सांगाड्याचा खर्च पत्करीन. तो मागवायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्येच मागवावा. आयातीचा सुटा भाग पावसाच्या तोंडावर मिळेल या भरवशावर राहू नये. जुन्यातील चांगले स्पिंडल, पुल्या आणि स्प्रिंग नव्यात बसवता येत असतील, तर संपूर्ण डेकऐवजी केवळ सांगाडा पुरतो.

बेल्टच्या बाबतीत स्थानिक पर्याय हरतो. पंपावर चालणारा साधा व्ही-बेल्ट मापाला बसतो, पण या डेकमध्ये बेल्ट पाठीवरून आयडलर पुलीवर (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकावर) वळतो आणि पाती सुरू-बंद करताना वारंवार घसरतो. ते सोसण्यासाठी मूळ बेल्टमध्ये अरामिड या अतिशय बळकट कृत्रिम तंतूंचे दोर असतात.

कोणताही मार्ग निवडला तरी रंगापूर्वी प्रायमर पूर्ण वाळू द्यावा, पाती दोन्ही टोकांनी सारखी घासून तोल पाहूनच चढवावीत आणि डेक सपाट फरशीवर असा लावावा की पात्याचे पुढचे टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलीमीटर खाली राहील. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा. डेकखाली पाण्याची जोरदार धार मात्र सोडू नये, ती सीलमधून नव्या बेअरिंगमध्ये शिरते. लगदा वाळण्यापूर्वीच लाकडी पट्टीने खरवडून काढावा, आणि त्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी.