सेमिस्टरच्या सुट्टीतला इंटररेल पास : एक अनुभव

एका सेमिस्टरसाठी जर्मनीत शिकत असताना फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्ही तिघे, मी नांदेडचा आणि दोन मित्र लातूर-परभणीचे, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट पाहून आलो. त्यासाठी घेतलेल्या इंटररेल पासविषयी, म्हणजे एकाच पासवर युरोपातील अनेक देशांत रेल्वेने फिरू देणाऱ्या पासविषयी, मनापासून लिहावेसे वाटते.

हा पास युरोपात वास्तव्य असणाऱ्यांसाठी असतो. आपल्याकडून थेट फिरायला जाणाऱ्यांना तशाच प्रकारचा युरेल पास घ्यावा लागतो. जर्मनीचा निवास परवाना असल्यामुळे आम्हाला इंटररेल मिळाला, तोही 27 वर्षांपर्यंतच्या तरुणांच्या सवलतीत. मात्र ज्या देशात आपण राहतो, तिथे तो केवळ बाहेर पडण्याच्या आणि परतण्याच्या प्रवासालाच चालतो, हे आधीच ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे आरक्षित तिकीट काढले की बर्थ आपला. तिथे पास आणि आसन ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. प्राग-व्हिएन्ना गाडीत आम्ही जागा आरक्षित केली नव्हती. डब्यातून आणलेले धपाटे आणि शेंगाचटणी नुकतीच उघडली होती, तोच त्या जागांचे प्रवासी आले आणि पुढचा बराचसा प्रवास आम्ही दाराजवळ उभ्याने केला. चूक सर्वस्वी आमचीच होती.

गाडीत चढण्यापूर्वी मोबाइलमधील पासवर तो प्रवास नोंदवणे बंधनकारक आहे. त्या नोंदीनंतर मोबाइलवर दिसणारा कोड तपासनीस तपासतो. तीन देश फिरायचे असतील, तर हा पास मी निःसंकोच सुचवेन. एकाच शहरात मुक्काम असेल, तर साधे तिकीटच परवडते.