बर्नीवाला स्वेटशर्ट, पाच हिवाळे वापरून झाल्यावर

रिव्ह्यू उशिरा लिहितेय, पण आपल्या न्यू इंग्लंडच्या मराठी मंडळीतल्या तिघी-चौघींनी विचारलं की तो बर्नीचा स्वेटशर्ट कुठून घेतला, कसा आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तर काळा, गोल गळ्याचा, बिनचेनचा स्वेटशर्ट, आणि त्यावर व्हरमाँट राज्याचा सिनेटर बर्नी सँडर्स फोल्डिंगच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला. फोटो सगळ्यांना आठवत असेल, २० जानेवारी २०२१, बायडेनचा शपथविधी, सगळे ठेवणीतले कोट घालून आलेले आणि हा ७९ वर्षांचा माणूस रोजचं थंडीचं जॅकेट आणि लोकरीचे मोठ्ठे हातमोजे घालून बाजूला बसलेला. ते हातमोजे व्हरमाँटच्या एका शाळेतल्या बाईंनी जुने स्वेटर कापून शिवले होते, आतलं अस्तर प्लास्टिकच्या बाटल्या रिसायकल करून केलेलं. दोन दिवसांत जगभर मीम झाले, आणि बर्नीच्या कॅम्पेनच्या ऑनलाइन दुकानात लगेच हा स्वेटशर्ट आला, ४५ डॉलरला. पहिला माल अर्ध्या तासात संपला, मला दुसऱ्या खेपेत मिळाला. या सगळ्या वस्तूंतून पाच दिवसांत १८ लाख डॉलर जमले आणि ते सगळे व्हरमाँटमधल्या संस्थांना गेले, त्यात एक काम म्हणजे घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवणं. मला हे माहीत होतं म्हणून ४५ डॉलर जड वाटले नाहीत, एरवी मी सेलशिवाय कपडा घेत नाही.

आता कापड. मी इचलकरंजीची आहे, वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे, आई कांड्या भरायची, त्यामुळे कपडा हातात आला की आधी उलटा करून बघायची सवय आहे. आतून मऊ लव आहे, वीण घट्ट आहे, गळ्याची आणि मनगटाची पट्टी पाच वर्षांत सैल पडलेली नाही, काखेतली शिवण जशीच्या तशी. बाहेरून कोपरापाशी थोडे गोळे आलेत, पण एवढ्या वापरात ते येणारच. प्रिंट शाबूत आहे कारण मी उलटा करून गार पाण्यात धुते आणि ड्रायरमध्ये टाकत नाही, तळघरात दोरीवर वाळत घालते. याआधी २०२० मध्ये दुसऱ्याच एका साइटवरून बर्नीचा टीशर्ट घेतला होता, स्वस्तात मिळतोय म्हणून, त्याचं चित्र तिसऱ्या धुण्यात पापुद्र्यासारखं निघालं. तसलं घेऊ नका. साइज युनिसेक्स आहे, माझी उंची पाच फूट एक इंच, मला मीडियम मांडीपर्यंत येतो, मला थंडीत तेच बरं वाटतं पण ज्यांना नेमकं बसणारं हवं त्यांनी एक साइज खाली घ्या. जानेवारीत इथे न्यू हॅम्पशायर राज्यात नॅशुआला उणे पंधरा होतं तेव्हा वरून जॅकेट लागतंच.

एक महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. कॅम्पेनच्या दुकानातून काहीही विकत घेतलं की कायद्याने ती निवडणुकीसाठीची देणगी धरली जाते, आणि अमेरिकेत नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसाल तर उमेदवाराला देणगी देता येत नाही. म्हणजे एच-१बी (कंपनीतल्या नोकरीवर मिळणारा), एच-४ (एच-१बीवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळणारा) किंवा स्टुडंट व्हिसा असेल तर तिथून साधा मगसुद्धा घेऊ नका, पैसे भरताना तशी खूण करायला लावतात तिथे खोटी खूण करू नका, पुढे तुमच्याच अर्जाला त्रास व्हायचा. मला २०१९ च्या शेवटी ग्रीन कार्ड मिळालं म्हणून २०२१ ला घेता आला. सेकंडहँड दुकानातून घेतलात तर हा प्रश्न येत नाही.

आता स्वेटशर्टचा खरा उपयोग सांगते, जो मला घेताना माहीत नव्हता.

लोक बोलायला लागतात. मी सोळा वर्षं या देशात आहे, पहिली सहा वर्षं एच-४ वर घरात बसून काढली कारण काम करायची परवानगीच नव्हती, मे २०१५ मध्ये नियम बदलला तेव्हा मिळाली, आणि कोल्हापूरला बी. फार्म. केलेल्या मुलीने एका फार्मसीत टेक्निशियन म्हणून ताशी १२ डॉलरवर सुरुवात केली. इतक्या वर्षांत अनोळखी माणसं माझ्याशी हवामान आणि पार्किंग सोडून काही बोलली नव्हती. हा स्वेटशर्ट घालून मी पेट्रोल भरायला थांबले तर एक आजी जवळ येऊन म्हणाल्या की त्याला सांग तब्येत सांभाळ, जसं काही तो माझा सासरा लागतो. लॉन्ड्रोमॅटमध्ये एक मुलगी, हॉटेलात वाढायचं काम करते, तिने मला तिचं कॉलेजचं कर्ज किती आहे ते आकड्यासकट सांगितलं, असं कोण सांगतं का अनोळखी बाईला. आणि एकदा किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ट्रम्पची लाल टोपी घातलेला एक माणूस आपली पिकअप सोडून माझ्याकडे यायला लागला, मी खरंच घाबरले, शेजारी माझी मुलगी होती. तो म्हणाला, मी २०१६ ला प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात) याला मत दिलं होतं, हा माणूस खोटं बोलत नाही. मग नोव्हेंबरमध्ये ट्रम्पला दिलं म्हणाला. त्याची गिरणी बंद पडली होती, बायकोच्या औषधांवर पैसे जात होते. असे लोक बरेच होते, त्या वर्षीच्या एका मोठ्या सर्वेक्षणात बर्नीला प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी साधारण १२ टक्के लोकांनी नंतर ट्रम्पला मत दिल्याचं दिसलं होतं. मला त्याचं दुसरं मत पटलं नाही, पण त्याचा राग कुठून येतो ते मला कळलं कारण तो राग मी रोज काउंटरवर बघते.

इन्सुलिनचं सांगते. १९२३ मध्ये ते शोधणाऱ्यांनी पेटंट प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकलं होतं, कारण यातून कुणी गब्बर व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. शंभर वर्षांनी मी काउंटरवर उभी राहून किंमत सांगायचे आणि समोरचा माणूस पाकिटात बघायचा, मग म्हणायचा राहू दे, पगार झाल्यावर येतो. ती पिशवी मी परत फ्रीजमध्ये ठेवायचे. काही दिवस थांबून माल पुन्हा स्टॉकमध्ये जमा करायचा असतो, ते करताना माझे हात थांबायचे. २०१९ च्या जुलैमध्ये बर्नी डायबिटीसच्या पेशंटना घेऊन बसने डेट्रॉइटवरून नदीपलीकडे कॅनडात विंडसरला गेला, तिथे तेच औषध साधारण एक दशांश किमतीत मिळालं. आमच्या फार्मसीत ब्रेकरूमच्या टीव्हीवर ते चालू होतं आणि कुणी काही बोललं नाही, सगळे बघत होते. मग २०२३ पासून मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्यविमा असलेल्या म्हाताऱ्यांना इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली, कंपन्यांनीही किमती खाली आणल्या, त्याच वर्षी मे महिन्यात सिनेटच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष म्हणून त्याने इन्सुलिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना समोर बसवून प्रश्न विचारले. हे सगळं त्याच्या एकट्याचं नाही, पण इतकी वर्षं हाच विषय लावून धरणारा माणूस म्हणून त्याचं नाव माझ्या काउंटरवरच्या लोकांना माहीत आहे.

आमच्या न्यू हॅम्पशायरचा किमान पगार अजून ताशी ७.२५ डॉलर आहे, म्हणजे केंद्राचाच, जो २००९ च्या जुलैपासून हललेला नाही. त्या वर्षी मी इथे आले, तेव्हा लहान असलेली मुलं आता तासावर काम करतात आणि आकडा तोच. हा फोटो जगभर गाजत होता त्यानंतर दीड महिन्याने, ५ मार्च २०२१ ला, बर्नीने १५ डॉलरची दुरुस्ती सिनेटमध्ये मांडली आणि ती ४२ विरुद्ध ५८ ने पडली, त्याच्या बाजूच्याच आठ जणांनी विरोधात मत दिलं. फोटो सगळ्यांनी शेअर केला होता, या मताबद्दल कुणी एक ओळ टाकली नाही, मला त्याचं फार वाईट वाटलं.

मला लोक विचारतात की तरुण मुलांना हा म्हातारा का आवडतो. माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणते कारण तो जुने व्हिडिओ काढले तरी तेच बोलताना दिसतो. खरंय, १९८१ ला व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचा महापौर झाला, फक्त १० मतांनी, तेव्हापासून भाडं, पगार, दवाखाना, आणि वरच्या चार घरांत साठलेला पैसा, हेच. त्याचे वडील पोलंडहून आलेले, रंग विकायचे, ब्रुकलिनच्या छोट्या भाड्याच्या घरात तो वाढला, त्यामुळे पैशावरून घरात होणारी भांडणं तो सांगतो ती ऐकीव वाटत नाहीत. आमच्या घरी ५२ पिकाच्या (इंचाला ५२ आडवे धागे) कापडाला मीटरला मजुरी किती वाढली यावरून महिनाभर वातावरण ठरायचं, त्यामुळे मला ते लगेच ओळखू आलं. माझ्या वडिलांना मी फोनवर बर्नीबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे आपल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुख आबांसारखा. अकरा वेळा आमदार आणि एसटीने फिरायचे, एकच पक्ष, एकच बोलणं. वडिलांनी दोन शब्दांत जे सांगितलं ते मी पाच वर्षं इथल्या मैत्रिणींना समजावत होते.

आणि हो, एक गोष्ट मला लागली, ती लपवत नाही. २०२५ च्या जानेवारीत एच-१बीवरून वाद चालू होता तेव्हा बर्नी म्हणाला की या व्हिसाचा मुख्य वापर हुशार माणसं आणण्यासाठी होत नाही, चांगल्या पगाराच्या नोकऱ्या काढून तिथे कमी पगाराची बांधील माणसं बसवण्यासाठी होतो. आमच्या ग्रुपवर खूप राग निघाला, दोघींनी मला सांगितलं की आता तो स्वेटशर्ट जाळ. मी रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, मी तेरा वर्षं त्याच कंपनीत का राहिलो, पगार वाढला नाही तरी, सांग. ग्रीन कार्डची रांग सोडून जाता येत नव्हतं म्हणून. मग बांधील हा शब्द खोटा कसा म्हणू? पण आमच्यामुळे कुणाचा पगार खाली आला हे ओझं आमच्या डोक्यावर टाकू नये, ते कंपनीच्या डोक्यावर टाकावं, आणि व्हिसा बदलताना आम्हाला नोकरी बदलायची मोकळीक द्यावी, हे तो पहिल्या वाक्यात बोलायला हवा होता असं मला अजून वाटतं. स्वेटशर्ट मात्र दुसऱ्या दिवशी घातला.

त्याच वर्षी मार्चमध्ये डेन्व्हरला त्याच्या सभेला आयोजकांच्या मोजणीने ३४,००० लोक आले, निवडणूक नसताना, त्याच्या वयाच्या ८३ व्या वर्षी. मला त्याला कधीच मत देता आलं नाही, २०१६ ला एच-४ होता, २०२० ला ग्रीन कार्ड होतं, नागरिक झाले २०२५ ला आणि आता तो पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहील असं वाटत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये आमच्या राज्याने त्याला ६० टक्के मतं दिली त्या रात्री मी शेजारणीच्या घरी टीव्हीसमोर बसून रडले होते, तिने मला मिठी मारली आणि म्हणाली माझ्या मतातलं अर्धं तुझं समज. ती शेजारीण आता नाहीये.

तर स्वेटशर्ट घ्यावा का, कापडासाठी म्हणाल तर हो, नक्की घ्या, पैसे वसूल आहेत. तो सध्या नवीन मिळतो का ते बघावं लागेल, माझा तर मुलगी कॉलेजला घेऊन गेली, विचारलंही नाही, बॅगेतच घातला. त्यामुळे कुणाकडे मीडियम पडून असेल, थोडा वापरलेला असला तरी चालेल, कोपराला गोळे आले असतील तरी चालेल, फक्त ड्रायरमध्ये घातलेला नको, तर मला मेसेज करा, नॅशुआपासून दोन तासांत कुठेही मी येऊन घेऊन जाईन.