जमीनमालकांना थेट टपालाने पत्रं: गणपती ते शिमगा वापरून आलेला अनुभव

गुहागर-दापोली भागात कलमांची बाग लावायला जमीन बघतोय. एजंटांमागे न फिरता मालकांनाच पत्रं लिहायची, ही पद्धत गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय. उपयोग होतो, पण सगळी मदार यादीवर आहे. गुळगुळीत रंगीत पत्रकांवर घातलेला पैसा फुकट जातो. त्यावर फोन आले ते एजंटांचेच.

एका विक्रेत्याकडून तयार यादी घेतली होती, त्यात कितीतरी नावं मयतांची. आपल्याकडे वारस नोंद वर्षानुवर्षं रखडते, सातबाऱ्यावर आजोबाच राहतात. त्यांच्या नावाने ‘जमीन विकायची आहे का’ असं पत्र घरात आलं की माणसं दुखावतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून आता प्रत्येक गटाचा (जमिनीच्या नंबर दिलेल्या तुकड्याचा) डिजिटल सही असलेला सातबारा स्वतः काढतो. १५ रुपये लागतात. सोबत आठ-अ (मालकाच्या खात्यावरच्या जमिनींचा उतारा) आणि फेरफारही (मालकी बदलाच्या नोंदी) वाचतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव किंवा कर्जाचा बोजा दिसला तर तो गट बाजूला. खातं सामाईक असेल तर पत्र सगळ्यांना एकाच दिवशी टाकतो, बहिणींनाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. एकट्या थोरल्या भावाला पत्र गेलं की भावकीत संशय सुरू होतो, आणि व्यवहार तिथेच अडतो.

सातबाऱ्यावर पत्ता नसतो. गावात एकाच आडनावाची वीस घरं, त्यामुळे पाकिटावर वाडी आणि वडिलांचं नाव हवंच. मालक मुंबईला असेल तर गावच्या घरी पाकीट देऊन ठेवतो, घरचेच पुढे पोचवतात. परस्पर पत्ते काढलेले कुणाला आवडत नाहीत.

मजकूर एक पान, हाताने लिहिलेला: ‘गट नंबर अमुक, पऱ्ह्याच्या वरच्या अंगाची तुमची वरकस जमीन मी पाहिली. मी स्वतः शेतकरी खातेदार आहे.’ (पऱ्ह्या म्हणजे ओढा, वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन.) शेतकरी असल्याचं हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि मालकाचा पहिला प्रश्न तोच असतो. जमिनीचा दर मात्र पहिल्या पत्रात लिहीत नाही.

पत्र श्रावणात पोचायला हवं. गणपतीला चाकरमानी येतात, सगळी भावकी एका घरात बसते, विषय निघतो. मला खरे फोन गौरीविसर्जनानंतर आले. दुसरं पत्र शिमग्याच्या आधी.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पहिलं पत्र मात्र मी साध्या टपालानेच टाकतो. सही घेऊन दिलेलं पाकीट म्हणजे कोर्टाची नोटीस, असंच वाडीत वाटतं आणि म्हातारी माणसं घाबरतात. बोलणं पुढे सरकलं की लेखी देकार (किती रक्कम देऊ ते) स्पीड पोस्टने, म्हणजे पोचल्याची नोंद राहते.

कुणी ‘आम्हाला विकायची नाही’ म्हणालं की ते नाव यादीतून कायमचं काढतो. त्या घरी पुन्हा पत्र जात नाही.