प्रत्येक ओळीसाठी मोजावे की आधीच गट पाडून मोजावे: दोन सबक्वेरींची तुलना

एखाद्या ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये सभासद, देवघेव आणि दंड अशी तीन टेबले आहेत, आणि प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याने नेलेल्या पुस्तकांची व त्याला झालेल्या दंडांची संख्या दाखवायची आहे, असे समजू. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत तिन्ही टेबले थेट जोडून शेवटी ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणारा भाग) लावावे, हे पहिल्यांदा सुचते. पण ज्या सभासदाच्या 3 देवघेवी आणि 2 दंड आहेत, त्याच्या जोडणीतून 6 ओळी तयार होतात आणि काउंट दोन्ही रकान्यांत 6 दाखवतो. क्वेरी विनातक्रार चालते, म्हणूनच ही चूक धोकादायक आहे. डिस्टिंक्ट (सारख्या किमती एकदाच धरणारा शब्द) लावून संख्या सुधारता येते, मात्र दंडाच्या रकमेची बेरीज तशी सुधारत नाही, कारण 10 रुपयांचे दोन वेगळे दंड असले तर त्यांतला एकच धरला जातो. तेव्हा मोजणी जोडणीच्या आधी, सबक्वेरीतच, म्हणजे क्वेरीच्या आत लिहिलेल्या क्वेरीतच, उरकावी. निवड करायची ती सबक्वेरीच्या प्रकाराची.

पहिला प्रकार कोरिलेटेड, म्हणजे बाहेरच्या क्वेरीच्या प्रत्येक ओळीवर अवलंबून असलेल्या, सबक्वेरीचा: सिलेक्टच्या यादीतच (सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम देवघेव द व्हेअर द.सभासद_क्र = स.क्र) असे लिहिले जाते; येथे द म्हणजे देवघेव आणि स म्हणजे सभासद. ही वाचायला सोपी आहे, आणि ज्याने एकही पुस्तक नेलेले नाही त्याच्यापुढे आपसूक 0 येतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत एक्स्प्लेन ॲनालाइझ (क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) चालवल्यास तिच्या सबप्लॅनपुढे लूप्सचा, म्हणजे ती किती वेळा चालली याचा, आकडा दिसतो, आणि तो बाहेरच्या ओळींइतका असतो. पानावर 20 सभासद दाखवायचे असतील आणि सभासद_क्र या रकान्यावर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) असेल, तर हा खर्च नगण्य असतो. इंडेक्स नसेल, तर मात्र प्रत्येक सभासदासाठी सगळे देवघेव टेबल चाळले जाते.

दुसऱ्या प्रकारात फ्रॉममधील सबक्वेरी देवघेव टेबलाचे सभासद_क्रनुसार गट पाडून मोजणी एकदाच करते, दंडासाठी तशीच दुसरी सबक्वेरी लिहितात, आणि दोन्ही लेफ्ट जॉइनने (जुळणारी ओळ नसली तरी डावीकडची ओळ ठेवणाऱ्या जोडणीने) सभासदांना जोडतात. प्रत्येक गटाची एकच ओळ येत असल्याने आकडे फुगत नाहीत, आणि त्याच सबक्वेरीतून शेवटची तारीख किंवा रकमेची बेरीजही घेता येते, ज्यासाठी पहिल्या प्रकारात दर वेळी नवी सबक्वेरी लिहावी लागते. येथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. देवघेव नसलेल्या सभासदापुढे 0 न येता नल (रिकामी किंमत) येतो, म्हणून नलच्या जागी 0 देणारे कोअलेस वापरावे. आणि लेफ्ट जॉइनऐवजी साधा जॉइन लिहिला गेला, तर असे सभासद यादीतूनच गळतात, जे वार्षिक अहवालात मुळीच चालणार नाही.

सर्व सभासदांच्या अहवालासाठी मी निःसंशय दुसरा प्रकार निवडेन. मोजक्याच ओळी हव्या असतील तर पहिला बरा, कारण दुसऱ्यात 20 सभासदांसाठीही सहसा साऱ्या टेबलाचे गट पाडले जातात. मोजक्याच ओळी आणि प्रत्येकीसाठी अनेक आकडे, अशी दोन्हींची गरज एकत्र आली, तर पोस्टग्रेएसक्यूएल 9.3 पासून आणि मायएसक्यूएल 8.0.14 पासून उपलब्ध असलेला लॅटरल (फ्रॉममधील सबक्वेरीला बाहेरच्या ओळीचे रकाने वापरू देणारा शब्द) वापरून पाहावा.

आणि सभासदाने एखादे तरी पुस्तक नेले आहे का, एवढेच विचारायचे असेल, तर मोजणीची गरजच नाही. एक्झिस्ट्स पहिली ओळ सापडताच थांबते.